डावीकडची खोली

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या कामातली खोट काढण्यात गेली. कारखान्यात आमच्या खात्याला क्वालिटी म्हणत आणि माझ्या खिशात लाल स्टिकरांची गुंडाळी असे. मी ज्या मालावर स्टिकर चिकटवीन तो परत जायचा. निवृत्त झालो तेव्हा कंपनीने स्टिकर जमा करून घेतले, नजर मात्र माझ्याकडेच राहिली. तिचा उपयोग मी बायकोच्या आमटीवर, सोसायटीच्या सेक्रेटरीवर आणि शेजाऱ्यांच्या पार्किंगवर करत असे. संध्याकाळी सातनंतर तिला सुट्टी असायची, कारण सातनंतर मला समोरचा ग्लास सोडून काहीच नीट दिसत नसे.

शेवटी बायको खराडीला मुलीकडे राहायला गेली. आदळआपट करून गेली असती तर मला तिच्यात खोट काढता आली असती. तीही सोय तिने ठेवली नाही. कुकर लावला, मला वाढलं, स्वतः जेवली, ओटा पुसला आणि बॅग घेऊन दारात चपला घालता घालता म्हणाली, "अहो, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा असतात ना, तिकडे जा. कुठलीही धरा, पण एक धरा आणि तिथे टिका. तुम्ही टिकलात की मी येते."

"आणि नाही टिकलो तर?"

"मुलीची बाल्कनी मोठी आहे," ती म्हणाली. "माझ्या कुंड्या मावतील तिथे."

कुंड्या तिने तेव्हा नेल्या नव्हत्या. खिडकीत तुळस, मोगरा आणि एक गवती चहा असा तिचा संसार होता. त्या जागेवर आहेत तोवर आपल्यालाही जागा आहे असं धरून मी त्यांना रोज पाणी घालू लागलो. भीतीपोटी इतकं घालत होतो की खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी वर येऊन, आपण शेती सुरू केली आहे का, असं विचारलं.

पहिली मीटिंग मुलीनेच शोधून दिली, तिच्या घराजवळ, खराडीत. तिथे सगळे आयटीतले. काचेच्या भिंतींची खोली, गारठवणारा एसी आणि गोल करून ठेवलेल्या रंगीत खुर्च्या. माझ्या मुलाच्या वयाचा एक जण इंग्रजीत स्वतःविषयी इतकं सुसंगत बोलला की हा कधी प्यायला असेल यावर माझा विश्वास बसेना. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो की मी फक्त बघायला आलो आहे. "अंकल, नो प्रेशर, टेक युअर टाइम," तो म्हणाला. मला 'अंकल' आवडलं नाही आणि एसीही आवडला नाही. मनातल्या मनात स्टिकर लावून मी बाहेर पडलो.

दुसरी कात्रजला. डेअरीच्या पलीकडे एका शाळेच्या वर्गात. बाकं पहिलीच्या मुलांची होती, त्यामुळे सगळे गुडघे छातीशी घेऊन बसले होते. एक दणकट गृहस्थ उठून म्हणाले, "मी दारुड्या हाय. बायकोची बोरमाळ इकून प्यालोय. आज नाय प्यालो. एवढंच." आणि बसले. सगळ्यांनी मान हलवली. एवढ्यात आटोपलेलं भाषण मी पुण्यात पहिल्यांदाच ऐकलं. निघताना ते मला म्हणाले, "बोलायचं नसंल तर नका बोलू, दादा. पण येत ऱ्हावा." खरं तर मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी घरी येऊन बायकोला फोनवर सांगितलं की माणसं चांगली आहेत, पण आपल्यातली नाहीत.

"म्हणजे कशी नाहीत?" तिने विचारलं.

मी कधीच कुणाची बोरमाळ विकली नव्हती, एवढाच फरक मला सापडला होता. तोही तिच्याकडे बोरमाळ नव्हती म्हणून.

मग मी सुटलोच. एका मीटिंगमध्ये प्रार्थना जास्त होती, एकीत कमी. एका ठिकाणी चहा पाणचट होता. एक मीटिंग फोनवरून होती, तिथे निम्म्या लोकांनी कॅमेरे बंद ठेवले होते. मीही ठेवला होता, पण दुसऱ्यांचा बंद कॅमेरा मला फसवणूक वाटला. प्रत्येक वेळी मी बायकोला फोन करून सविस्तर अहवाल देत असे. एकदा तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही मीटिंग शोधताय की सून?" त्यानंतर तिने मुलीला बाल्कनीची मापं घ्यायला सांगितल्याचं मला जावयाकडून कळलं.

तेव्हा मात्र माझे धाबे दणाणले. उरली होती ती कर्वेनगरची मीटिंग, आमच्या घरापासून चालत जाण्याजोगी. तिला मी इतके दिवस हात लावला नव्हता, कारण कर्वेनगरमध्ये मला लोक ओळखतात. ते मला ओळखतात म्हणजे मी पितो हेही त्यांना माहीत आहे, हा साधा हिशोब माझ्या डोक्यात कधी आला नाही. लिफ्टमध्ये मला धरून घरापर्यंत सोडणाऱ्या शेजाऱ्यापासून मी हे गुपित लपवत होतो.

मीटिंग शनिवारी संध्याकाळी सहाला, ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात, वरच्या मजल्यावर. फोनवरचा माणूस म्हणाला होता, "जिना चढून वर आलात की डावीकडची खोली." सरळ सांगितलं होतं. पण पुढचा जिना रस्त्यावरून दिसतो आणि खाली कॅरम खेळणाऱ्यांत आमच्या सोसायटीचे दोघे रोज असतात. म्हणून मी गल्लीतून वळसा घालून मागच्या लोखंडी जिन्याने चढलो. वर पोचेपर्यंत मीटिंग सुरू झाली होती. तोंडात वेलदोडा होता. त्या दिवशी मी घेतलेली नव्हती, पण बाहेर पडताना वेलदोडा तोंडात टाकायचा हे हातांना पाठ झालं होतं. वर चढून मी डावीकडच्या खोलीत शिरलो आणि मागच्या रांगेत बसलो.

खोलीत जवळजवळ सगळ्या बायका होत्या. मी चकितच झालो. आमच्या भागातल्या बायका इतक्या पितात आणि आपल्याला पत्ता नाही. समोर साठीच्या एक बाई, कॉटनची साडी, पर्स मांडीवर. त्या म्हणाल्या, "परवा पुन्हा पिऊन आले. मी काही बोलले नाही. आपण ठरवलं होतं तसं, फक्त आपल्या खोलीत जाऊन झोपले." मग दुसरी बोलली, तिचा मुलगा प्यायचा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही पिणाऱ्यांची मीटिंग नव्हती. पिणाऱ्यांच्या घरच्यांची होती. मागच्या जिन्याने आल्यामुळे माझी डावी बाजू फिरली होती. पिणारे प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे बसले होते आणि मधूनच मोठ्याने हसत होते. यांना हसायला काय झालंय, असं मला रागाने वाटलंही.

मी उठणार होतो. शपथेवर सांगतो, उठायला पुढे सरकलोही होतो. तेवढ्यात मीटिंग चालवणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पुरुष फार कमी येतात आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "आपण आलात, बरं वाटलं. घरी कोण पितं?"

"घरातलंच माणूस आहे," मी म्हणालो.

"जवळचं?"

"अगदी जवळचं."

खोलीतल्या सगळ्या माना एकदम कळवळ्याने हलल्या. पर्सवाल्या बाई म्हणाल्या, "सोसणं सोपं नसतं हो." कुणीतरी आल्याचा चहा पुढे केला. चहा उत्तम होता. आणि मला, खोटं कशाला सांगू, भरून आलं. कित्येक वर्षांत माझ्याकडे इतक्या मायेने कुणी पाहिलं नव्हतं. ही माया पिणाऱ्याचं सोसणाऱ्यांसाठी होती, आणि आमच्या घरातला पिणारा मीच होतो, हा बारकावा मी चहाबरोबर गिळला.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही. बायकोला फोन करून सांगितलं, "मिळाली. अगदी मनासारखी मीटिंग आहे. खुर्च्याही बऱ्या आहेत."

"तिथे बोलता का तुम्ही?"

"सध्या ऐकतोय."

तिला आनंद झाल्याचं आवाजावरून कळलं. ती इतकी खूश झाली की मी तिथे ऐकलेलं तिला सांगू लागलो, कोण बोललं ते न सांगता. तिथलं बाहेर सांगायचं नसतं हा नियम मला ठाऊक होता. पण नियम दुसऱ्यांनी पाळायचे असतात अशीच माझी समजूत होती. एका संध्याकाळी म्हणालो, "गेल्या शनिवारी तिथे विषय निघाला होता, नवरा जिना चढतो त्या पावलांवरूनच बायकोला कळतं किती झाली आहे ते. मग ती ठरवते, जेवण गरम करायचं की झाकून ठेवायचं."

मला वाटलं फोन कट झाला.

मग बायको म्हणाली, "मला लिफ्टच्या दारावरून कळायचं. घेतली नसेल तर तुम्ही दार आपटता. घेतली असली की हळूच लावता."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी रोज किती काळजीने ते दार लावत असे. तिची झोपमोड होऊ नये म्हणून लावतो, अशी माझी स्वतःविषयी चांगली समजूत होती. ती आत जागी राहून तेच हळू लागणारं दार ऐकत असे. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या कुंड्यांपाशी उभा होतो. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर मी नेहमी जे करतो तेच केलं. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि बाटली घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी आंबाबर्फीचा पुडा घेऊन मीटिंगला गेलो. सगळ्यांना स्वतः वाटली. शेवटी एकट्याने सगळ्या खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या, पंखे बंद केले आणि पांढऱ्या केसांच्या बाईंना रिक्षापर्यंत पोचवलं. आपण मुळात किती चांगला माणूस आहोत, असं वाटून मी घरी आलो.

त्या आठवड्यात बायकोचा फोन आला. "येत्या शनिवारी मी येते," ती म्हणाली. "राहायला नाही अजून. तुमच्या त्या मीटिंगला यायचंय मला. जिथे लोक असं बोलतात तिथे मला एकदा बसायचंय. पिणाऱ्यांना हे सगळं कळतं हे मला माहीतच नव्हतं हो."

तिला वाटत होतं की पावलांचं ते वाक्य एका पिणाऱ्या नवऱ्याने स्वतःच्या बायकोविषयी म्हटलं आणि ते ऐकून मीही समजून घेऊ लागलो. तिच्या मनात माझ्याविषयी पुन्हा थोडी आशा उगवली होती आणि तिचं मूळ चुकीच्या खोलीत होतं. मी नको म्हटलं तर बाल्कनी होतीच. हो म्हटलं तर ती दारात पाऊल टाकताच तिला सगळं कळणार होतं. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायला कारण लागतं.

शनिवारी मी अर्धा तास आधीच गेलो, मागच्याच जिन्याने. पांढऱ्या केसांच्या बाई एकट्याच खुर्च्या मांडत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि घरून पाठ करून आणलेली वाक्यं विसरलो.

"मॅडम, मला एक सांगायचंय. मी इथे चुकून आलो. आमच्या घरी पिणारा जो आहे, तो..."

"तुम्हीच," त्या म्हणाल्या आणि हातातली खुर्ची उघडून ठेवली. "माहीत आहे आम्हाला. पहिल्या दिवसापासून."

"कसं काय?"

"अहो, वेलदोडा चघळत मागच्या दाराने येणारा, कुणाच्या तोंडाजवळ न जाणारा, 'घरातलंच माणूस' म्हणणारा. आमची हयात गेली या लोकांबरोबर. आणि मागच्या शनिवारी तर आदल्या दिवशीची होती तुमची."

"मी त्या दिवशी अजिबात..."

"बर्फी वाटलीत. सगळ्या खुर्च्या उचलल्यात. मला रिक्षात बसवून दिलंत. आदल्या दिवशी घेतल्याशिवाय इतकं चांगलं कुणी वागत नाही."

मला लाल स्टिकर कपाळावर चिकटल्यासारखं झालं. मी विचारलं, "मग मला हाकललं का नाहीत?"

त्या थोडा वेळ खुर्च्या सारख्या करत राहिल्या. "पहिल्या दिवशी वाटलं होतं उठवावं. नंतर आम्हीच आपापसात बोललो. घरी आमचं कुणी तासभर गप्प बसून ऐकत नाही. बोलायला गेलं की भांडण, नाहीतर दुसरा ग्लास. तुम्ही मागे बसून ऐकत होतात. कधी मान खाली घालायचात. तुमच्याकडे बघून बोललं की घरी बोलल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी पावलांचं बोलल्या ना त्या, त्या नवऱ्याला कधीच म्हणू शकल्या नाहीत ते. तुम्हाला म्हणाल्या."

जे मी माझ्यावरची माया समजत होतो ते या बायका दुसऱ्या कुणाला तरी माझ्या तोंडावर सांगत होत्या. आणि मी ते नेऊन माझ्या शहाणपणाचं म्हणून फोनवर बायकोला विकत होतो. मला लाज वाटली, अगदी साधी, शाळेतल्यासारखी.

"पण हे काही बरोबर नाही," बाई म्हणाल्या. "यात आमची सोय झाली, तुमची नाही. तुमची खोली पलीकडची."

"आज माझी बायको येणार आहे. याच मीटिंगला."

"मग तिला पुढच्या जिन्याने आणा," त्या म्हणाल्या. "ती खुर्ची तिची आहे. इतके दिवस तुम्ही अडवून बसला होतात."

मी खाली गेलो. बायको रिक्षातून उतरत होती. तिने निळी साडी नेसली होती, आमच्या मुलीच्या लग्नातली. कॅरम खेळणारे दोघे थांबून पाहू लागले. मी त्यांच्यासमोरच तिला सगळं सांगितलं, म्हणजे सांगायला जिन्याआड जाण्याइतका वेळ नव्हता. चुकीची खोली, चहा, माया, बर्फी, सगळं. मला वाटलं ती त्याच रिक्षाने परत जाईल. रिक्षावालाही बहुधा त्याच आशेने थांबला होता.

तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे ते पावलांचं, ते एका बायकोने म्हटलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही ते ऐकलंत?"

"ऐकलं."

"बरं," ती म्हणाली आणि जिना चढू लागली. सोसायटीच्या दोघांपैकी एक म्हणाला, "काय साहेब, आज पुढून?" मला वाटत होतं मी मागच्या जिन्याने गुपचूप जातो. कॅरमच्या टेबलावरून तो जिना स्वच्छ दिसत होता.

वर पोचल्यावर दोन दारं होती. उजवीकडच्या दारात पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी बायकोला "या" म्हटलं, जणू त्या तिला कधीपासून ओळखत होत्या. ती आत गेली. जाताना वळून म्हणाली, "मोगऱ्याला पाणी फार घालताय. तुम्ही पाठवलेला फोटो जावईबापूंनी दाखवला, पानं पिवळी पडलीत." आणि मागच्या रांगेतल्या माझ्या खुर्चीवर जाऊन बसली.

मी डावीकडे गेलो. इतके आठवडे ज्यांचं हसणं पार्टिशनमधून ऐकलं होतं ती माणसं चारचौघांसारखीच होती. ट्यूबलाइट लुकलुकत होती, एका खुर्चीचा पाय वाकडा होता, चहा पलीकडच्यापेक्षा वाईट होता. मला ते सगळं दिसलं आणि मी वाकड्या पायाच्या खुर्चीवरच बसलो.

सुरुवातीचं वाचन झालं. एक-दोघं बोलले. मग मीटिंग चालवणाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नवीन आहात, बोलायलाच पाहिजे असं नाही." नेहमीप्रमाणे मी म्हणणार होतो की फक्त ऐकायला आलो आहे. तेवढ्यात पार्टिशनपलीकडून आवाज आला. हळू होता, पण प्लायवूड पातळ आहे. "मला लिफ्टच्या दारावरून कळायचं," बायको त्या बायकांना सांगत होती.

मी उठून उभा राहिलो. माझं नाव सांगितलं आणि त्याच्यापुढे 'दारुड्या' हा शब्द जोडला, कात्रजच्या त्या गृहस्थांनी स्वतःला लावला होता तसाच. आवाज जेमतेम निघाला.

"जरा मोठ्याने," मागून एक वयस्कर गृहस्थ वैतागून म्हणाले. "इथे काही ऐकू येत नाहीये."

मी पार्टिशनकडे तोंड केलं आणि तेच पुन्हा म्हणालो, पलीकडे मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तिकडचं बोलणं थांबलं. आमच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "बसा आता, चहा गार होतोय," आणि मी बसलो.